गणित बोटांपर्यंत आलं

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या दाटीवाटीच्या वस्तीत १९१८ साली अब्राहम नेमेथ जन्मला. मुलगा जन्मतःच अंध होता. पण वडील त्याला नुसतं हाताला धरून नेत नसत. चालता चालता सांगत, आपण आता पश्चिमेला चाललो आहोत, गाड्या या बाजूनं येताहेत, डावीकडे वळलो की तोंड दक्षिणेला होईल. टपालपेटीवरच्या उठावदार अक्षरांवरून ते त्याची बोटं फिरवत. मुलाला दिसत नाही, तेव्हा सांगायचं ते अधिक नेमकं सांगायचं, ही त्या बापाची रीत होती.

अब्राहमला ओढ होती गणिताची. ब्रुकलिन कॉलेजात गेल्यावर मात्र सल्लागारांनी समजूत घातली, की हा विषय अंध माणसाच्या आवाक्यातला नव्हे, त्यापेक्षा मानसशास्त्र घे. सल्ला देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आकृत्या, सूत्रं, फळाभर पसरलेली उदाहरणं या मुलापर्यंत पोचणार कशी, हे त्यांना सुचत नव्हतं, आणि आपल्याला सुचत नाही ते त्याला जमणार नाही, असं त्यांनी धरून टाकलं. अब्राहमनं ऐकलं. पदवी घेतली, पुढं कोलंबिया विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए.ही केलं.

नोकरी शोधायची वेळ आली तेव्हा मानसशास्त्रातही अंध माणसाला कुणी उभं करीना. उशांचे अभ्रे शिवणं, बोलक्या पुस्तकांच्या तबकड्यांसाठी लागणाऱ्या सुया मोजणं, असली कामं वाट्याला आली. संध्याकाळी ते गणिताच्या वर्गाला जाऊन बसत. एक दिवस पत्नी फ्लॉरेन्स यांनी त्यांना विचारलं, की बेकारच राहायचं असेल, तर बेकार मानसशास्त्रज्ञ होण्यापेक्षा बेकार गणितज्ञ झालेलं काय वाईट? नेमेथ यांनी कामावर पाणी सोडलं आणि गणिताचा अभ्यास पूर्ण वेळ सुरू केला.

दुसरं महायुद्ध संपलं होतं. सैन्यातून परतलेली तरुण मुलं कॉलेजात आली होती आणि गणितात अडखळत होती. नेमेथ त्यांना विनामोबदला शिकवू लागले. मुलं आपापलं उदाहरण फळ्यावर लिहीत आणि कुठवर आलो ते त्यांना वाचून दाखवत. नेमेथ ऐकत, अडलेली पायरी नेमकी पकडत आणि पुढची वाट दाखवत. फळ्यावर लिहायलाही ते शिकलेले होते. विभागातल्या मंडळींनी हे पाहिलं. एक प्राध्यापक आजारी पडले तेव्हा त्यांचा वर्ग घ्यायला बोलावणं आलं ते नेमेथ यांना.

आता त्यांचा स्वतःचा अभ्यास कसा चालत होता, ते पाहा. ब्रेलमध्ये प्रत्येक खूण सहा ठिपक्यांच्या चौकटीत बसते. अंकांना तिथं वेगळे आकार नाहीत. आधी अंकचिन्ह द्यायचं आणि इंग्रजी ए ते जे या दहा अक्षरांचेच ठिपके १ ते ९ आणि ० म्हणून वापरायचे. साध्या मजकुरात तेवढ्यानं भागतं. पण बीजगणितात अंक आणि अक्षरं एकमेकांना खेटून येतात, वर घातांक, खाली छेद. तिथं बोटं चाचपडत राहतात.

नेमेथ यांनी अंकांचे ठिपके चौकटीत एक ओळ खाली सरकवले. वरची जागा अक्षरांना मोकळी झाली आणि नुसत्या स्पर्शानं अंक कोणता, अक्षर कोणतं, ते कळू लागलं. अपूर्णांक कुठं सुरू झाला, कुठं संपला, वर्गमूळाखाली किती पदं आहेत, यासाठीही त्यांनी खुणा बसवल्या. हे सगळं त्यांनी स्वतःपुरतं केलं होतं. ओळखीच्या एका अंध भौतिकशास्त्रज्ञाला इंटिग्रलच्या सूत्रांचा तक्ता हवा होता. नेमेथ म्हणाले, माझ्याकडे आहे, पण माझ्या खुणांत. तिथून ती पद्धत तज्ज्ञांच्या समितीपुढं गेली आणि १९५२ मध्ये नेमेथ कोड म्हणून प्रसिद्ध झाली. १९५५ पासून पुढं तीस वर्षं त्यांनी डेट्रॉइट विद्यापीठात शिकवलं.

त्यांची आणखी एक देणगी आहे. अंध विद्यार्थ्याचा लेखनिक गणित वाचून दाखवतो तेव्हा ‘एक अधिक क्ष छेद दोन’ असं म्हणतो. क्षची किंमत ५ असेल, तर उत्तर साडेतीन की तीन? छेद फक्त क्षचा, की सगळ्या बेरजेचा, हे डोळ्यांना दिसतं, पण कानांना कळत नाही. म्हणून नेमेथ यांनी वाचायची शिस्त घालून दिली. अपूर्णांक सुरू, एक अधिक क्ष, छेद दोन, अपूर्णांक संपला. एवढं म्हटलं, की शंकेला जागा उरत नाही.

भारतातल्या अंधशाळांतही आज नेमेथ कोड शिकवला जातो. टेलर फ्रेम या पाटीच्या अष्टकोनी खाचांत धातूचे खिळे फिरवून बसवत मुलं बेरीज-वजाबाकी करतात, उठावाच्या रेघांवरून त्रिकोण ओळखतात. तरीही गणित अवघड जाईल असं वाटलं, की मोठी माणसं पहिल्यांदा सुचवतात ती विषय सोडण्याची सूट. सूट गरजेपोटी मागितली तर जरूर द्यावी. पण ती मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याच्या गळ्यात घातली, तर ती बंदीच होते.

तात्पर्य एवढंच, की ‘याला जमणार नाही’ असं म्हणण्याआधी, आपण दिलेलं त्याच्यापर्यंत पोचलं का, हे तपासावं. नेमेथ यांची बुद्धी पहिल्यापासून तीच होती. बदलायला हवी होती ती चिन्हं, आणि ती बदलल्यावर गणित खुलं झालं.

गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाला म्हणून एक विनंती. फळ्याशी उभं राहून ‘हे इकडे घेतलं, ते तिकडे गेलं’ असं म्हणू नका. काय घेतलं, कुठून घेतलं, चिन्ह कोणतं झालं, ते स्पष्ट उच्चारा. ज्याला दिसत नाही असं मूल वर्गात एकच असेल, पण ज्यांना कळलेलं नाही अशी बरीच असतात. त्या सगळ्यांचं गणित त्यानं सुधारेल.