आजचं चिंतन : एकांत आणि दारी आलेला पाहुणा



आजचं वाचन गीतेच्या तेराव्या अध्यायातलं. ज्ञानाची लक्षणं सांगताना भगवंत एकाच श्लोकात दोन गोष्टी ठेवतात. अर्ध्यात अनन्य भक्ती, उरलेल्या अर्ध्यात एकांताची आवड आणि गर्दीची नावड. वाचलं की धस्स होतं. म्हणजे माणसंच टाकायची का? घर, मित्र, सगळे ग्रुप?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात आमिश लोकांच्या वस्त्या आहेत. ही ख्रिस्ती मंडळी घोडागाडीने फिरतात, विजेची तार घरात घेत नाहीत. त्यांना बघायला पर्यटक येतात, तेव्हा चेहऱ्याचे फोटो काढू नका म्हणतात. पण बऱ्याच ठिकाणी त्यांचा फोन असतो बरं का! घरात नाही, बाहेर एका खोपटात. पानावर शेजारी बसलेला माणूस त्याच्यापायी दूर जाऊ नये म्हणून. काय घ्यायचं, काय नाही, हे सगळी मंडळी मिळून ठरवतात.

आपल्या मावळातही जगापासून जरा बाजूला राहणारी मंडळी होती, दोन हजार वर्षांपूर्वी. आपण एकवीरा आईच्या दर्शनाला चढतो ना, तिथेच शेजारी कार्ल्याची लेणी. इथे भिक्षू राहायचे. पावसाळ्यात एकाच जागी मुक्काम करायचा, त्याला वर्षावास म्हणतात. हा नियम आला कुठून? विनयपिटकात कारण दिलंय. भिक्षू भर पावसात फिरतात, कोवळं हिरवं तुडवतात, बारीक जीव मरतात, अशी लोकांनीच कुरकुर केली. बुद्धांनी ती ऐकली आणि नियम घातला. म्हणजे ही चौकट बाहेरच्यांच्या बोलण्यातून आली! आषाढात भातखाचरं पाहिलेल्या मावळकराला हे वेगळं समजवायला नको.

आणि बाहेरचे येत राहिले. नहपानाचा जावई उषवदात याने वर्षावासातल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिलं, तसा लेख तिथे कोरलेला आहे. चैत्यातल्या खांबांवर दात्यांची नावं आहेत, त्यात धेनुकाकटाचे यवन आहेत. मला उषवदातापेक्षा या यवनांचंच जास्त कौतुक वाटतं. राजघराण्याला गाव देणं जड नसतं. हे परके म्हणवले जाणारे लोक डोंगर चढून आले, एकेक खांब देऊन गेले. भिक्षूंनीही, तू आमच्यातला नाहीस, असं म्हटलं नाही. नाव कोरू दिलं.

आपण वीकेंडला लोणावळ्याहून तिथे जातो, ‘किती शांत आहे ना’ म्हणत रील काढतो आणि उतरतो. चालायचंच.

याच मावळात भंडारा डोंगर आहे. तुकोबा तिथे एकांतात बसायचे, आणि देहूत कीर्तनाला माणसांतच उभे राहायचे. त्यामुळे मला तरी श्लोकातली ती नावड माणसांची वाटत नाही, गलक्याची वाटते. घरी आज जेवताना फोन कुठे ठेवायचा, हे सगळ्यांना विचारून ठरवून बघा. आईलाही विचारा.

उद्या पुढचा श्लोक.