भिंतीवरची कौले



मे महिना सरला. महिनाभर कुलूप लागलेली आपल्या धर्मग्रामातील घरे आता पुन्हा उघडू लागली आहेत. कुणी आजोळी गेले होते, कुणी सासरी, कुणी भावाकडे. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आपण एकमेकांना विचारतो, “सुट्टी कशी गेली?” आणि ठरलेले उत्तर देतो, “छान गेली!” आज या पानावर त्या प्रश्नाचे थोडे खरे उत्तर द्यावे असे वाटते.

आम्ही चार भावंडे. थोरला दादा वसईच्या मूळ घरी राहून वाडी सांभाळतो. आम्ही धाकटे तिघे बाहेर पडलो. एक नोकरीसाठी मुंबईत, बहीण सासरी आणि एक प्रभूच्या मळ्यात, म्हणजे तुमच्या सेवेत. दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघे आईकडे जमतो. आंबे, फणस, ताडगोळे, सुक्या बोंबलाची चटणी, संध्याकाळी ओटीवर गप्पा. वर्षभराचा शीण जातो असे आम्ही म्हणतो.

पण खरे सांगायचे तर गेली सहा वर्षे तो शीण जात नव्हता. बाबांच्या पश्चात वाटण्या झाल्या. विहिरीजवळच्या जमिनीच्या एका पट्ट्यावरून शब्दाला शब्द लागला. दादाने आणि आम्ही घराच्या मधोमध भिंत घातली. आई आमच्या बाजूला, दादा पलीकडे. आईशी तो बोलतो. वहिनींच्या हातची भाकरी रोज भिंतीला वळसा घालून आईच्या ताटात येते. आमच्याशी मात्र अबोला. आमचाही त्याच्याशी.

भिंत घातली तरी छप्पर एकच राहिले. पावसाळ्यापूर्वी कौले चाळायची वेळ आली की दादा आपल्या बाजूची चाळतो, आम्ही आमच्या बाजूची. भिंतीच्या बरोबर वरची ओळ कुणाची? तिला कुणीच हात लावत नाही. मग जुलैत पाणी तिथूनच गळते आणि भिंतीलगतच्या आईच्या खाटेवर पडते. खाट सरकवायची, खाली पातेले ठेवायचे, हाच सहा वर्षांचा आमचा उपाय!

बंधुभगिनींनो, आमच्यातला एक जण दर रविवारी वेदीवरून क्षमेचा उपदेश करतो. पण दादाच्या दारापर्यंतची पंधरा पावले त्यालाही सहा वर्षांत चालता आली नव्हती. हे लिहिताना संकोच वाटतो. तरीही लिहिले पाहिजे, कारण पापनिवेदनाला येणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या मनावर अशाच एखाद्या भिंतीचे ओझे असते.

मे हा पवित्र मरीयेचा महिना. या महिन्यात आमच्या आळीत क्रुसापाशी संध्याकाळी रोझरी होते. यंदा पहिल्याच संध्याकाळी आम्ही आईला धरून क्रुसाजवळ नेले. दादाचे कुटुंबही आले होते. ते एका टोकाला, आम्ही दुसऱ्या. त्या दिवशी आनंदाची रहस्ये होती. आळीतल्या रिवाजाप्रमाणे एकेका घराने एकेक रहस्य सांगायचे. दुसरे रहस्य दादाच्या वाट्याला आले : पवित्र मरीयेची एलिझाबेथला भेट.

दादाचा आवाज आम्ही सहा वर्षांनी इतक्या जवळून ऐकत होतो. तो थेट बाबांसारखा झाला आहे. त्याने ‘नमो मरीया’ म्हणायला सुरुवात केली आणि उरलेली अर्धी प्रार्थना आमच्या तोंडून निघाली. रोझरीची रचनाच अशी आहे की एकाने सुरू करायचे आणि दुसऱ्याने पुरे करायचे. ज्याच्याशी आम्ही बोलत नव्हतो, त्याची प्रार्थना दहा वेळा आम्हीच पूर्ण केली.

घरी परतताना आई एवढेच म्हणाली, “मरीया माऊली एवढा डोंगर चढून गेली. तुम्हाला तर भिंतच ओलांडायची आहे.”

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील हा प्रसंग आपण नेहमी ऐकतो. ख्रिस्तसभा ३१ मे रोजी त्याचा सण साजरा करते. पूर्वी हा सण २ जुलैला होता. १९६९ साली उपासना-दिनदर्शिकेत सुधारणा झाली, तेव्हा तो मेच्या अखेरीस आणण्यात आला. नाझरेथहून यहुदियाच्या डोंगराळ भागातील जखऱ्याच्या घरापर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर होते. मरीयेच्या स्वतःच्या अडचणी काही थोड्या नव्हत्या. पोटात बाळ, योसेफाला काय सांगावे हा प्रश्न, गावात काय बोलले जाईल ही चिंता. “आधी माझे निस्तरते, मग बघू” असे ती म्हणू शकली असती. पण ती लगबगीने निघाली.

तिथे पोहोचून तिने काय केले? एलिझाबेथच्या साऱ्या चिंता दूर केल्या असे लूक लिहीत नाही. तिने घरात पाऊल ठेवले आणि नमस्कार केला. तो आवाज कानी पडताच एलिझाबेथच्या उदरातील बाळाने आनंदाने उडी मारली आणि एलिझाबेथ पवित्र आत्म्याने परिपूर्ण झाली. पुढे मरीया सुमारे तीन महिने तिथे राहिली. तिचे स्तोत्रही आपल्याला याच घरी ऐकू येते. देवदूताचा निरोप मिळाला नाझरेथला, पण त्या निरोपाचा आनंद ओठांवर आला तो नातलगाच्या उंबरठ्यावर.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना गाब्रिएल मार्सेल (१८८९–१९७३) या फ्रेंच कॅथलिक विचारवंताशी आमच्यातल्या एकाची ओळख झाली होती. मार्सेल समस्या आणि रहस्य यांत फरक करतात. समस्या माझ्यासमोर असते. मी तिच्याबाहेर उभा राहून तिची उकल करू शकतो. रहस्यात मात्र मी स्वतःच गुंतलेला असतो, मला बाहेर उभे राहताच येत नाही. माणूस हा असा रहस्यमय आहे. त्याच्यापुढे हजर राहणे, त्याच्यासाठी उपलब्ध असणे हीच त्याच्याशी वागण्याची योग्य रीत. परीक्षेत यावर उत्तर चांगले लिहिले होते. पण घरी आल्यावर दादा ही आमच्या लेखी समस्याच होती. जमिनीचा पट्टा, सातबारा, मोजणी. ती सुटल्याशिवाय भेट नाही, असे आम्ही ठरवून टाकले होते. शुभवर्तमानातला क्रम उलटा आहे. तिथे आधी भेट होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे फणस घेऊन दादाच्या दारात गेलो. काय बोलायचे ते कुणालाच सुचेना. वहिनी बाहेर आल्या, क्षणभर थबकल्या आणि म्हणाल्या, “आत या ना. चहा टाकते.” दादा आला. त्याने फणसावर टिचक्या मारून पाहिल्या आणि म्हणाला, “उद्यापर्यंत पिकेल.” सहा वर्षांनंतरचे हे पहिले वाक्य! कुणी कुणाच्या गळ्यात पडले नाही. पट्ट्याचा विषयही निघाला नाही. चहा पिऊन आम्ही उठलो, तेव्हा दादा छपराकडे पाहत म्हणाला, “मधली ओळ या वर्षी चाळायला हवी. आईच्या अंगावर पाणी पडते.”

त्या दुपारी शिडी लागली. दोन भाऊ वर चढले, तिसरा खालून कौले देत होता आणि बहीण तुटलेली बाजूला काढत होती. आई ओटीवर बसून आम्हा पन्नाशीकडे झुकलेल्या मुलांवर “सांभाळून रे!” असे ओरडत होती.

बंधुभगिनींनो, जमिनीचा पट्टा अजून वादातच आहे. भिंतही उभी आहे. ती कदाचित राहीलही, कारण न्यायाने वाटणी होणे हे पाप नव्हे. पण यंदा आम्ही खरोखर विश्रांती घेऊन परतलो. प्रेषित सेवाकार्य करून दमून आले, तेव्हा प्रभू येशूने त्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले. तो विसावा प्रभूच्या सहवासातला होता. प्रभू कुठे भेटेल हे मात्र आपण ठरवत नाही. यंदा तो आम्हाला पंधरा पावलांवर भेटला, ज्या दाराला आम्ही सहा वर्षे टाळत होतो तिथे.

वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायला प्रभू सांगतो. नीट पाहा, चूक कुणाची हे तो विचारत नाही. आधी जाण्याची जबाबदारी ज्याला आठवले त्याची आहे.

शाळा सुरू व्हायला अजून काही दिवस आहेत. तुमच्या सुट्टीत एखादे घर राहून गेले असेल, तर पाऊस धरण्यापूर्वी तिथे जाऊन या. फार बोलू नका, हिशेब काढू नका. घरातली मुले सोबत न्या. तुम्ही उंबरठा कसा ओलांडता ते त्यांना पाहू द्या. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्ध यांचा जागतिक दिन म्हणून ठरवला. त्या रविवारी आपल्या वडीलधाऱ्यांना शुभेच्छा देण्याआधी एक पाहा, त्यांच्या खाटेवर कुठून पाणी गळते? अनेकदा ते आपल्याच भांडणाच्या फटीतून गळत असते.

पवित्र मरीये, लगबगीने निघालेल्या माते, आमच्या पायांना तुझी घाई दे. आमच्या नमस्काराने कुणाच्या तरी घरात आनंद उसळू दे. आमेन.

तुमच्यासाठी प्रार्थना करणारे,
तुमचे धर्मगुरू