भिक्षावळ



गुरुचरित्रातली कारंज्याची कथा आपणा सर्वांना पाठ आहे. अंबामातेचे बाळ सात वर्षांचे होईपर्यंत ॐकाराशिवाय काही बोलले नाही. मुंज झाली, आईने भिक्षा घातली आणि त्याच्या मुखातून वेद प्रकटले.

लहानपणी ही कथा मला फार ऐकवली गेली, कारण मी तोतरा. वेखंड उगाळून झाले, जिभेला मध चोळून झाला. आजी म्हणे, "मुंज होऊ दे, महाराज सगळं नीट करतील." मीही दिवस मोजत होतो.

मुंजीत गुरुजींच्या मागून मंत्र म्हणताना कुठे अडलो नाही. मग भिक्षावळ आली. "ॐ भवति भिक्षां देहि" हे एकट्याने म्हणायचे. ॐ सुटला, पण 'भ'वर ओठ जे मिटले ते उघडेनात. कोणीतरी हसले. एका काकांनी माझे वाक्य स्वतःच पुरे करून टाकले. आई मात्र ताट घेऊन तशीच उभी. "त्याचं त्याला म्हणू दे." किती वेळ गेला कोण जाणे. माझे म्हणून झाले, तेव्हाच तिने झोळीत तांदूळ घातले.

वाणी काही सुटली नाही. महाराजांवर मी बरीच वर्षे रुसून होतो, खोटे कशाला सांगू?

बी.कॉम. होऊन बँकेत लागलो. कॅशला बसले की टोकन पुकारावे लागे. 'पंचेचाळीस' आले की घाम फुटे. मग मी 'चार-पाच' असे पुकारी. अशा पळवाटांवर निम्मी नोकरी काढली. आरतीत मात्र, सगळ्यांच्या सुरात, कधीच अडखळलो नाही. म्हणून घरी पोथी मोठ्याने वाचू लागलो. ओवीला घाई चालत नाही. पुढे वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनीही तेच शिकवले: आधी श्वास सोडा, मग पहिले अक्षर हलकेच. अडणे कमी झाले, गेले नाही. पण पळवाटा सुटल्या.

आता तो अध्याय वाचताना मी वेदांपेक्षा अंबामातेपाशी जास्त थांबतो. सात वर्षे तिने कशी काढली असतील!

या मार्गशीर्ष पौर्णिमेला देवळात अकरावा अध्याय वाचायची पाळी माझी आहे. मध्येच अडलो, तर पुढचा शब्द कोणी सुचवू नये, एवढी विनंती. तो मला ठाऊक असतो.