एक पॅड, एक नाद

यंत्र अजून सुरू करू नका.

आधी बसा. खुर्ची पुढे ओढा. पाय जमिनीला टेकू द्या, हात टेबलावर सैल सोडा.

समोर सॅम्पलर आहे, आवाज टिपून बोटानं वाजवायचं यंत्र. चार ओळी, ओळीत चार पॅड. राखाडी रबराचे सोळा चौकोन. रॉजर लिन यांनी 1988 मध्ये अकाई कंपनीसाठी एमपीसी 60 घडवला, तेव्हापासून बोटांना ही चार-चारची मांडणी ओळखीची झाली आहे.

सोळाही पॅड रिकामे आहेत. राहू द्या रिकामे.

श्वास घ्या. सावकाश सोडा.

बाहेर अमेरिकेतल्या हिवाळ्याची रात्र आहे. गाव एडिसन असेल, डेट्रॉइटच्या बाजूचं एखादं उपनगर असेल. वर घर निजलं आहे. तुम्ही बेसमेंटमध्ये आहात, दार लोटलेलं आहे.

आता नुसतं ऐका.

हीटिंग सुरू होतं. पत्र्याच्या नळातून गरम हवा येते, थोडा वेळ वाहते, थांबते. ती थांबली की तिच्या खाली असलेलं काहीतरी उघडं पडतं. एक बारीक, अखंड गुणगुण. फ्रिजची असेल, जुन्या अँपची असेल.

या गुणगुणीपाशी थांबा.

अमेरिकेतली वीज सेकंदाला 60 वेळा हेलकावते, भारतातली 50 वेळा. विजेवर चालणाऱ्या वस्तूंची गुणगुण या आकड्यांना आणि त्यांच्या पटींना बांधलेली असते. आता 50 हा षड्ज धरा. 60 कुठे येतो?

कोमल गंधारावर. सहास पाच, हे अगदी त्याचंच प्रमाण.

पुन्हा ऐका. साताऱ्याच्या घरातली वीज सा धरून बसली असेल, तर इथली भिंत रात्रभर कोमल गंधार लावून आहे. मला हे उमगलं त्या दिवसापासून इथल्या स्वयंपाकघरातली शांतता परकी वाटत नाही.

ऐकू आला गंधार? नसेल आला, तरी बसून राहा. कान आपल्या वेळेनं उघडतात.

आता घंटा घ्या.

देवघरातली, पितळेची, दांड्यावर गरुड असलेली. कुणीतरी साडीच्या घडीत गुंडाळून, बॅगेच्या मधोमध ठेवून ती सातासमुद्रापार आणली आहे. हातात धरा. पितळ गार लागतं. धरून ठेवा, हळूहळू ते हाताइतकं ऊबदार होईल.

माइक हातभर दूर ठेवा. हेडफोन लावा. रेकॉर्डिंगची पातळी लाल रेघेच्या बरीच खाली असू द्या. घंटेचा पहिला आघात वाटतो त्याहून मोठा असतो, आणि तिथे आवाज फाटला की तो पुन्हा सांधता येत नाही.

रेकॉर्ड सुरू करा. लगेच वाजवू नका. खोलीला आधी तिचा आवाज देऊ द्या.

आता एकदाच वाजवा.

हलू नका.

आघात होऊन गेला. मागे नाद उरला आहे. त्याच्याबरोबर जा. तो सरळ ओसरत नाही. जरा फुगतो, जरा आत जातो, पुन्हा फुगतो. कुठलीही घंटा चहूबाजूंनी हुबेहूब एकसारखी ओतली जात नाही, म्हणून तिच्यातून अगदी जवळजवळचे दोन सूर एकदम निघतात. ते एकमेकांना भेटतात आणि सुटतात. ही लाट त्यांचीच.

लाटा मोजू नका. त्यांच्याबरोबर राहा.

संपला वाटतं तेव्हाही थांबा. अजून आहे. आणखी थोडा आहे. मग तो त्या गुणगुणीत मिसळतो, आणि कोणत्या क्षणी मिसळला हे सांगता येत नाही.

आता रेकॉर्डिंग बंद करा.

एक पॅड भरला. आज एवढा एकच.

कॅलिफोर्नियातल्या ई-म्यू कंपनीनं 1987 मध्ये एसपी-1200 काढला, तेव्हा त्यात सगळे मिळून जेमतेम 10 सेकंदांचे आवाज मावत. सलग घ्यायचा तर अडीच सेकंद. न्यूयॉर्कच्या पोरांनी त्या अडीच सेकंदांत रेकॉर्डवरची अख्खी सुरावट बसवली. 33 फेऱ्यांची तबकडी 45 वर फिरवायची, आवाज घाईनं आत घ्यायचा, आणि आत आल्यावर यंत्रात त्याचा वेग पुन्हा उतरवायचा. उतरताना आवाजावर एक खरखरीत साय धरते. वाचवली होती जागा, हाती आला एक नवा पोत.

तुमच्या यंत्रात जागा पुष्कळ असेल. तरी आज स्वतःला अडीच सेकंदच द्या. घंटेच्या एवढ्या लांब नादातले कोणते अडीच सेकंद तुमचे?

डोळे मिटा. पॅड दाबा. ऐका.

आता सॅम्पलची सुरुवात पुढे सरकवा. अगदी थोडी. आघाताचं टोक कापलं जातं. दाबा. पुन्हा ऐका.

घंटा कुठे गेली?

आवाज तोच, पितळ तेच. पण आता ती बासरी असेल, काचेच्या कडेवरून फिरणारं बोट असेल, दूरचा एखादा कंठ असेल. वस्तूची ओळख आपल्याला त्या पहिल्या निमिषात पटते. ते काढलं की उरतो निव्वळ सूर. टोकाशी बारीक टक् ऐकू येत असेल, तर कापाची जागा केसभर हलवा, आवाजाची रेघ शून्याला टेकते तिथे आणा. टक् जाते.

श्वास घ्या.

आता पिच एक सप्तक खाली. अर्धा वेग, दुप्पट लांबी. मुठीतली घंटा देवळाची होते. त्या लाटाही आता सावकाश येतात, दोन लाटांमध्ये श्वास मावतो. नादात मिसळलेली खोलीची गुणगुण पण खाली उतरली आहे, ऐकू येण्याच्या सीमेवर. ती पुसू नका. स्वच्छ करण्याचा मोह इथे आवरा. ही घंटा या घरात वाजली, याची तेवढीच खूण आहे.

आता उलटं फिरवा. रिव्हर्स.

शांततेतून काहीतरी वर येतं. वाढतं. वाढत जातं. आणि कापलेल्या टोकाशी पोचून तुटतं.

पुन्हा दाबा. तुटल्यानंतरच्या मोकळ्या जागेत काय ऐकू येतं?

तिथे राहा थोडं.

आता लय. क्लिक लावू नका. घंटा पॅडवर असू द्या, आणि बोट जेव्हा आपणहून पडेल तेव्हा पडू द्या. एक ठोका. वाट पाहा. दुसरा. मनातल्या मनात सम येऊ द्या. ठोका तिच्यावरच पडायला हवा असं नाही. जरा मागे रेंगाळला तरी सम कुठे आहे ते कळतंच.

यंत्र तुमचे ठोके चौकटीत ओढून बसवू शकतं. त्याला टायमिंग करेक्ट म्हणतात. आज ते बंद ठेवा.

डेट्रॉइटचा जेम्स यान्सी, संगीतातला जे डिला, याचा हात इथे आठवावा. त्याच्या एमपीसी 3000 मध्ये एका मात्रेचे 96 भाग पडतात. मिनिटाला 90 मात्रांच्या लयीत असा एक भाग सुमारे 7 मिलिसेकंदांचा होतो. डिला त्या भागांमध्ये राहत होता. एक ठोका कणभर आधी, दुसरा कणभर उशिरा, तिसरा नेमका. ऐकणाऱ्याची मान डोलते आणि का डोलली ते तिला कळत नाही. 7 फेब्रुवारी 2006 ला, बत्तिसाव्या वाढदिवशी, त्याचा ‘डोनट्स’ हा अल्बम आला. तीन दिवसांनी तो गेला. त्याच्या आईनं दिलेला त्याचा एमपीसी आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास आणि संस्कृती संग्रहालयाकडे आहे.

एक ठोका द्या. आणि पुढचा, 7 मिलिसेकंद उशिरा.

असं ठरवून साधत नाही. म्हणून ठरवू नका. खांदे सोडा. मनगट सोडा. बोटाला त्याच्या वजनानं पडू द्या.

पुन्हा.

पुन्हा.

हवं तर स्विंग 50 वरून 54 करून पाहा. दर दुसरा बारीक ठोका किंचित मागे सरेल. पाहा, ऐका, आणि बोटाचा झोका अधिक आवडला तर परत 50 वर या. माझं मन बोटाकडेच झुकतं.

आता पॅड वेगवेगळ्या जोरानं दाबा. अगदी हलकं. मध्यम. पुन्हा हलकं. घंटा जवळ येते, लांब जाते. आठ ठोके झाले की हात उचला आणि नाद आपला आपण संपू द्या.

आता तो दुसऱ्यानं वाजवलेला आवाज आठवा, जो अशाच पॅडवर जगभर फिरला. जेम्स ब्राउन यांच्या ‘फंकी ड्रमर’मध्ये क्लाइड स्टबलफील्ड यांनी वाजवलेले काही सेकंद असंख्य गाण्यांच्या तळाशी आहेत. त्या गाण्यांवर स्टबलफील्ड यांचं नाव क्वचितच आलं. 2002 मध्ये लॉस एंजेलिसच्या डीजे क्विक यानं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या गाण्यासाठी लता मंगेशकरांचा आवाज घेतला, 1981 च्या ‘ज्योती’ चित्रपटातल्या गाण्यातला. संगीतकार बप्पी लाहिरी यांचा उल्लेख कुठेच नव्हता. पुढच्या वर्षी तिथल्याच न्यायालयानं नाव छापल्याशिवाय विक्री करायला मनाई केली.

‘ज्योती’मधल्या त्या आवाजाचा विचार करा. मुंबईत, एका माइकसमोर, कुणीतरी श्वास घेऊन उभं होतं. तो श्वासही सॅम्पलमध्ये आला असेल.

तुमच्या घंटेमागेही एक मनगट आहे. तुमचं नव्हे, तुमच्या आधीचं. रोज सकाळी, निरांजन ओवाळताना, कोणत्या लयीत ती वाजायची?

ती लय आठवते का?

आठवली तर पॅडवर तीच वाजवा. एकदा.

जुन्या यंत्रांत वीज गेली की आवाज पुसला जाई; आधी तो फ्लॉपीवर उतरवावा लागे. तुमच्या यंत्रात कार्ड असेल. बंद करण्यापूर्वी सॅम्पलला नाव द्या. यंत्र सुचवेल ते ‘सॅम्पल 01’ खोडा. घंटा कुणाची, कोणत्या गावाहून आली, इथे कोणत्या घरात आणि कोणत्या साली वाजली, हे जमेल तितक्या अक्षरांत लिहा. रेकॉर्डवरून घेतलेला आवाज असेल तर वाजवणाऱ्याचं नाव लिहा, आणि गाणं बाहेर काढायच्या आधी परवानगी मागायची आहे हेही लिहून ठेवा.

मग सेव्ह दाबा.