नांव आणि नांवें

मुलाचें नांव ठेवतात आणि शेजाऱ्याला नांवें ठेवतात. एकवचनाचें अनेकवचन होतांच बारशाची निंदा व्हावी, हा मराठीचा चमत्कार आम्हांस पूर्वी केवळ गमतीचा वाटे. वनस्पतींचीं लौकिक नांवें न्याहाळूं लागल्यापासून मात्र तो तसा वाटत नाहीं.

अमरावतीहून अकोल्यास आगगाडीनें जातांना बडनेरा-मूर्तिजापूरच्या टापूंत नाल्याकांठीं फिकट जांभळ्या फुलांचें एक झुडूप दिसतें. वऱ्हाडांत त्याला 'बेशरम' म्हणतात. तें मूळचें अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतलें. फांदी खोंचली कीं रुजतें, ढोरें त्याला तोंड लावीत नाहींत, तोडलें तरी पुन्हा फुटतें; आणि म्हणूनच तर माणसांनीं तें कुंपणाला लावलें! ज्या गुणासाठीं लावलें, तोच गुण कुंपण ओलांडून नाल्यांत उतरतांच निर्लज्जपणा ठरला. हा निवाडा झुडुपाच्या शीलाचा, कीं आमच्या सोयीचा?

निलगिरीची गोष्ट उलट आहे. तें झाड ऑस्ट्रेलियाचें. १८४३ सालीं इंग्रजांनीं तें नीलगिरीच्या डोंगरांत आणलें आणि डोंगराचें नांव झाडाला चिकटलें. पडशानें बेजार होऊन रुमालावर तेलाचे थेंब टाकतांना त्याचें परकेपण कोणाच्या ध्यानींमनींही नसतें. उपयोगी पाहुण्याला घरचें नांव, नकोशा झालेल्याला शिवी!

हा दोष एकट्या वऱ्हाडचा नव्हे. ऑस्ट्रेलियांत गेलेल्या इंग्रजांनीं तेथील सुरूच्या जातीच्या झाडांना 'शी-ओक' म्हटलें. लांकूड ओकसारखें पण हलक्या प्रतीचें, म्हणून ती म्हणे ओकची बाई. काळवंडलेल्या खोडावर गवताचा झुपका मिरविणाऱ्या दुसऱ्या एका झाडाला त्यांनीं 'ब्लॅकबॉय' हें नांव दिलें. तेथील मूळ रहिवाशांविषयींची तुच्छता त्यांत उघड होती. आतां तें नांव टाकून 'ग्रास ट्री', किंवा नूंगार लोकांचा 'बल्गा' हा शब्द योजतात.

कोणी म्हणेल, झुडुपाला शिवी थोडीच कळते? खरें आहे, पण देणाराच्या जिभेला वळण लागतें. फीच्या मुदतीसाठीं पुन्हापुन्हा दारीं येणाऱ्या एका विद्यार्थ्याला आम्ही एकदां 'बेशरम' म्हणालों. तो क्षणभर उभा राहिला आणि निघून गेला. ज्याला दुसरा आधार नाहीं त्यानें पुन्हा उगवूं नये तर काय करावें, हा प्रश्न आम्हांस त्या रात्रीं सुचला. दुसऱ्या दिवशीं तो पुन्हा आला. आम्ही निमूटपणें अर्जावर सही केली.