राजमातेची सहिष्णुता

१५६० च्या डिसेंबरात दुसरा फ्रान्स्वा वारला, त्याचा दहा वर्षांचा भाऊ शार्ल फ्रान्सच्या गादीवर आला आणि राज्याची मुखत्यारी त्या मुलांच्या आईच्या, कॅथरीन दे मेदिचीच्या, हाती आली. तेव्हा फ्लॉरेन्सच्या सराफी कुळात जन्मलेल्या या विधवेपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो हा, की एका राजाच्या प्रजेने ईश्वराला दोन रीतींनी भजावे काय? जर्मनीत १५५५ च्या ऑग्सबुर्गच्या तहाने त्याचा निकाल संस्थानवार लावला होता, जो पंथ संस्थानिकाचा तोच रयतेचा. पण अखंड फ्रेंच राज्यात हा तोडगा चालण्याजोगा नव्हता.

कॅथरीनने आधी वादसभा भरवून पाहिली. १५६१ च्या सप्टेंबरात प्वासी येथे कॅथलिक धर्माधिकारी आणि प्रोटेस्टंट आचार्य समोरासमोर बसले, आणि प्रसादाच्या भाकरीत ख्रिस्ताचे शरीर प्रत्यक्ष असते की नाही, या मुद्द्यावर प्रोटेस्टंटांच्या वतीने थिओडोर द बेझ याने ते शरीर भाकरीपासून स्वर्ग पृथ्वीपासून असावा तितके दूर आहे असे म्हणताच सभेत ईश्वरनिंदेचा गलका उठला. मला वाटते, राजमातेच्या बुद्धीची मर्यादा तिथेच उघडी पडली: ज्या वादात दोन्ही पक्षांना आपल्या आत्म्याचा मोक्ष पणास लागलेला दिसत होता, तो तिला सरहद्दीच्या तंट्यासारखा, चार शब्द इकडचे व चार तिकडचे घेऊन मिटवण्याजोगा वाटला.

१५६२ च्या जानेवारीत निघालेल्या फर्मानाने ह्यूगनोंना, म्हणजे फ्रान्सच्या प्रोटेस्टंटांना, नगरांच्या तटाबाहेर उघड उपासनेची मोकळीक दिली. त्यामागे चान्सलर मिशेल द लोपिताल याचा विचार होता, आणि तो विचार निराळ्या जातीचा होता. धर्माचा निर्णय करणे हे राजसभेचे कामच नव्हे, लोकांनी एकत्र कसे नांदावे एवढेच तिने ठरवावे, धर्मसंस्थेने बहिष्कृत केलेला मनुष्यही नागरिक राहतोच, असे त्याचे प्रतिपादन होते. फर्मान एकच, पण लोपितालला ते न्याय्य वाटत होते आणि कॅथरीनला सोयीचे. मार्चमध्ये कॅथलिक पुढारी गीझच्या ड्यूकच्या माणसांनी वासी येथे उपासनेस जमलेल्या ह्यूगनोंची कत्तल केली आणि युद्ध पेटले. पुढे १५६८ मध्ये लोपितालची सद्दी संपली.

ज्या हिशेबाने सवलत दिली जाते, त्याच हिशेबाने ती परत घेता येते. १५७२ च्या ऑगस्टात कन्या मार्गरितचा विवाह कॅथरीनने ह्यूगनो राजपुत्र नवारच्या आंरीशी लावला, आणि आठवड्याच्या आत, ह्यूगनोंचा पुढारी कोलिन्यी याच्यावरील मारेकऱ्याचा नेम चुकल्यावर, ह्यूगनो पुढाऱ्यांना ठार करण्याची मसलत दरबारात झाली. राजमाता त्या मसलतीत होती; तिचा वाटा किती, याविषयी इतिहासकार अद्याप भांडतात. कत्तल मात्र दरबाराच्या हाती राहिली नाही, पॅरिसचा जमाव ती पुढे चालवीत राहिला. पण केवळ तिला दोष देणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की ज्यांची श्रद्धा अढळ होती त्यांनी या कृत्याचा निषेध केला नाही. पोप तेराव्या ग्रेगरीने त्याच्या स्मरणार्थ पदक पाडले. सोयीची सहिष्णुता ढासळली तेव्हा निष्ठावंतांजवळ तिच्या जागी ठेवण्यास काहीच नव्हते.

आणि ही बाई पुन्हा वाटाघाटीस बसली! साठीच्या उंबरठ्यावर दक्षिणेचा खडतर प्रवास करून तिने १५७९ मध्ये नेराक येथे त्याच जावयाशी, त्याच ह्यूगनोंशी तह केला. पुढल्याच वर्षी त्या जावयाने काओर शहर लढून घेतले.