आरंभशूरता आणि आरंभ

चर्चमधील युवक-मंडळाची धुरा नुकतीच हाती आलेल्या एका ख्रिस्ती स्नेह्याने मध्यंतरी आम्हांस विचारले, ‘आरंभ कोठून करावा?’ वर्षभराची व्याख्याने, प्रार्थना, शिस्तीचे नियम हे सारे त्यांनी आखून ठेवले होते. एकाही मुलाचे नाव मात्र त्यांस अद्याप ठाऊक नव्हते.

नवा अधिकारी बदलून आला की पहिल्याच आठवड्यात टेबले हलतात, हे आपण सारे पाहत आलो आहोत. त्यास आपण आरंभशूरता म्हणून हसतो. परंतु हेतू पवित्र असला की तीच घाई सद्गुणाचा वेष घेते. हेतू चांगला एवढ्याने घाईचा अधिकार प्राप्त होतो काय?

इटलीतील तुरिन शहरची एक हकीकत येथे उद्बोधक आहे. मुंबईत माटुंग्याच्या शाळेमुळे डॉन बॉस्को हे नाव आपल्या परिचयाचे आहे. १८४१ च्या जूनमध्ये त्यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी ८ डिसेंबरला ते मिस्सेची तयारी करीत असता सोळा वर्षांचा एक मुलगा चर्चच्या कोपऱ्यात उभा होता. मिस्सेच्या वेळी मदत करता येत नाही असे तो म्हणताच तेथील सेवकाने त्यास मारून हाकलले. ‘तो माझा मित्र आहे,’ असे म्हणून बॉस्कोंनी त्यास परत बोलाविले. मुलगा गवंडीकाम करणारा, आईबाप वारलेले, लिहितावाचता येत नव्हते. प्रत्येक प्रश्नास ‘नाही’ हेच उत्तर. अखेर, परंपरा सांगते, त्यांनी विचारले, ‘शिट्टी वाजविता येते का?’ मुलगा हसला. धर्मपाठ त्यानंतर सुरू झाला.

सेवकाचाही हेतू वाईट नव्हता. त्यास मिस्सा नीट व्हावी असे वाटत होते. त्याने मुलाकडे नसलेले तेवढे पाहिले. बॉस्कोंनी असलेले काही सापडेपर्यंत विचारणे सोडले नाही.

यावर कोणी म्हणेल, ही मैत्री म्हणजे गळाला लावलेले आमिषच नव्हे काय? आक्षेप हलका नाही. शिकविण्यासाठीच केलेली ओळख ही ओळख नव्हे. तिची परीक्षा प्रार्थनेच्या वेळी होत नाही, इतर सहा दिवशी होते. बॉस्को आठवड्यात मुलांच्या कामाच्या जागी जात. सुताराकडे राहिलेल्या एका शिकाऊ मुलाचा १८५२ चा करारनामा त्यांच्या पुढाकाराने झाला. त्यात धन्याने मुलास शब्दांनीच सुधारावे, मारू नये, आणि सणावारी सुटी द्यावी, असे लिहिले होते. दहा वर्षांपूर्वीचा तो मार ते विसरले नव्हते, असेच आम्हांस वाटते. हे आमिष असते, तर करारनाम्याचे कारणच काय होते?

कार्यास कायमची जागा मिळावयास १८४६ साल उजाडले. तीही एक साधी पडवी होती. संस्था तर १८५९ मध्ये उभी राहिली. आरंभ मात्र त्या एका हसण्यातच झाला होता.

स्नेह्यांस आम्ही एवढेच सुचविले, की कार्यक्रमाचा कागद काही दिवस खणात ठेवावा आणि आधी मुलांची नावे शिकावी. प्रत्येकास काय येते, तेही विचारावे. परगावच्या कचेरीत प्रथम रुजू झालो तेव्हा आपल्यालाही कोणी तसे विचारावे, असे वाटले नव्हते काय?